पंप कुठला, असं आबांनी विचारलं

बहिणीच्या शेतावर त्या रविवारी काय झालं ते मी घरात अजून नीट सांगितलेलं नाही. बायकोला एवढंच माहीत आहे, की मी गेलो, जेवलो आणि अंधार पडायच्या आत परत आलो. बाकीचं सांगायला बसलो की मी मधेच अडकतो. माझी चूक नक्की कोणती, पहिली की दुसरी, की तिसरी, तेच मला ठरवता येत नाही. आता लिहून बघतो. बोलण्यापेक्षा लिहिणं मला बरं जमतं. बोलण्याच्या बाबतीत माझी ख्याती घरात आणि कंपनीत सारखीच आहे: ह्याला विचारल्याशिवाय हा सांगायचा नाही, आणि विचारलं तरी अर्धंच सांगणार.

धाकटी बहीण फुलंब्रीच्या पुढं दिलेली. तिनं आणि दाजींनी तीन-चार वर्षांपूर्वी रासायनिक खत-औषध बंद केलं. तेव्हा तिनं मला फोन करून विचारलं होतं, आणि मी म्हणालो होतो, "असले नाद करू नका, वर्षभरात कंटाळाल." ती कंटाळली नाही. मग तिकडं जायला मला तोंड राहिलं नाही. दिवाळीला, लग्नकार्यात भेट व्हायची. शेताचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. मी राहतो त्या वाळूजहून तिचं शेत तासाभराचं. तरी एकदाही गेलो नाही.

डिसेंबरात तिचा फोन आला. "दादा, रविवारी ये. गट येणार आहे."

"कसला गट?"

"आमचाच, सेंद्रियवाल्यांचा. एकमेकांची रानं बघतात. ह्या वर्षी पास झालं की बिनविषाची तीन वर्षं भरली, मग आमच्या मालावर सेंद्रियचा शिक्का. माहेरचं कोणीतरी पाहिजे मला. तू नुसता येऊन बस."

बसायला मी गेलो.

हर्सूल सोडल्यावर थंडी होती, काच वर करावी लागली. फाट्यावर दाजी मोटारसायकल घेऊन उभे. मला बघून म्हणाले, "या पाहुणे! आम्हाला वाटलं, रस्ता चुकून वेरूळला जाताय का काय." मी हसलो. टोमणा होता, पण दाजींचा टोमणा लागत नाही, ते स्वतःच आधी हसतात.

शेतात पाय ठेवला आणि माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. मी पैठणकडचा, शेतकऱ्याच्याच घरातला. आमच्याकडं चांगलं रान म्हणजे स्वच्छ रान. ओळी सरळ, मधली माती काळीभोर, तणाचं पातं दिसलं तर वडलांचा जीव खालीवर. आणि इथं हरभऱ्यात मोहरी, मोहरीत धने, बांधाला झेंडू, मक्याची एक रांग नुसतीच उभी, आणि मधे मधे असं गवत, की ते पेरलंय का उगवलंय तेच कळेना. मी वाकून एक उपटायला गेलो.

"अं हं, राहू दे," बहीण म्हणाली.

"तण आहे ना हे?"

"हाय. पण राहू दे."

"कामून?"

"तू आल्या आल्या माझं रान नको साफ करू. बस तिकडं."

ड्रममध्ये शेण, गोमूत्र, गूळ, बेसन असं काहीतरी सडत होतं. ते दाजी काठीनं ढवळत होते. मी विचारलं, उजवीकडं ढवळायचं की डावीकडं, कुठंतरी वाचलं होतं मी. दाजी म्हणाले, "आधी नाक धरायचं, मग हात दुखंल तिकडून." खरं सांगतो, वासानं मला मळमळलं, आणि त्याच वेळी भूकही लागली. लहानपणी गोठ्यात असाच वास यायचा. आवडतोय की नाही हे कळायच्या आत मी तिथून लांब सरकलो.

दहाच्या सुमाराला दाजी गटाच्या माणसांना आणायला फाट्याकडं गेले. बहीण चुलीपुढं बसलेली, वांगी भाजत. मी बाजेवर. तिनं तिथूनच विचारलं, "दादा, रिकामाच आहेस ना? टमाट्याच्या दोन ओळींना रोगावर ताक मारायचं राहिलंय. काल लाईट गेली, ह्यांना अंधार झाला. आंबट ताक आहे त्या घागरीत, गाळून ठेवलंय. तुला जमतं का अजून पंप, का विसरला?"

हे शेवटचं वाक्य तिनं म्हटलं नसतं, तर मी पुढचं केलं नसतं. असं मी पुष्कळ दिवस मनाशी म्हणत होतो. आता म्हणत नाही.

खोलीत पाठीवरचा फवारणीचा पंप होता, हिरवा, बॅटरीवाला. बटण दाबलं तर गुरगुर नाही. दोनदा हलवला, वायर दाबून बघितली. बंद. आता परत चुलीपाशी जाऊन "पंप चालू होत नाही" म्हणायचं, म्हणजे ती म्हणणार, "राहू दे, तुझ्यानं होणार नाय." बांधापलीकडं तिच्या धाकट्या दिराचा आखाडा. शेतातल्या राहत्या खोलीला आम्ही आखाडा म्हणतो. तिथं कोणी नव्हतं, कडी नुसती अडकवलेली. आत खुंटीला तसाच पंप, हिरवाच. मी उचलला.

कोणाला विचारायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. आमच्या घरांत भावाभावांत असंच असतं. कुदळ, विळा, पंप बांधावरून इकडं येतात, तिकडं जातात, विचारलं तर उलट समोरच्याला राग येतो की, "परक्यासारखं विचारतो काय?" कंपनीत स्टोअर माझ्याकडं आहे. तिथं मी सही घेतल्याशिवाय साधा बोल्टसुद्धा कोणाला देत नाही. शेतात मात्र हात खुंटीकडं आपोआप गेला.

ताक ओतलं, पाणी घातलं, पट्टे खांद्यावर चढवले, आणि त्या दोन ओळींना फवारा मारला. पाठीला थंड पाझरत होतं. उन्हात फवाऱ्याचं पांढुरकं धुकं दिसत होतं. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. बहिणीनं चुलीकडून मान वर करून बघितलं आणि पदरानं तोंड झाकून हसली. मी आणखी ताठ चाललो.

पंप खुंटीला परत लावताना मला चिंधी दिसली. फवाऱ्याच्या दांडीला, मुठीच्या वर, लाल चिंधी बांधलेली. उचलताना ती मी पाहिली नव्हती, किंवा पाहिली असेल आणि डोक्यात शिरली नसेल. आता मात्र मी हात मागं घेतला. आमच्या गावाकडं चुलत भावाच्या शेतात दोन पंप असतात, आणि ज्यानं गवताचं औषध मारतात त्याला चिंधी. आलेल्या प्रत्येकाला तो सांगतो, "चिंधीवाल्याला हात लावू नको." तणनाशकाचा अंश पंपात राहिला आणि तोच पंप कपाशीवर किंवा टमाट्यावर चालवला, तर दोन-चार दिवसांत पानं पिळवटतात, शेंडे दोरीसारखे होतात. हे मला माहीत होतं. शेती सुटली तरी एवढं माहीत होतं.

पण ही चिंधी तीच होती का? चिंधी गळती थांबवायलाही बांधतात. हात घसरू नये म्हणूनही बांधतात. मी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. ताकाचा वास. हातावर थेंब घेऊन वास घेतला. ताकच. मग नोझलपाशी काहीतरी उग्र वाटलं, आणि पुन्हा हुंगल्यावर वाटलं नाही. तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. मी झाकण लावलं, कडी अडकवली आणि बांध ओलांडून बाजेवर येऊन बसलो.

गट म्हणजे ह्या खेपेला दोनच माणसं आलेली. एक पांढऱ्या टोपीचे, वयस्कर. सगळे त्यांना आबा म्हणत. आणि एक कन्नडकडच्या काकू, तोंडानं फटकळ. त्यांनी मला बघून बहिणीला विचारलं, "हे कोण? साहेब?"

"माझा दादा."

"मग ठीक. साहेब असते तर मी चहा न घेता गेले असते."

दोघं रानात हिंडले. बघणं म्हणजे काय, तर आबा पान चुरगाळून हुंगायचे, ढेकूळ फोडायचे, बांधाच्या झुडपात औषधाची रिकामी बाटली पडलीय का ते काठीनं चाचपायचे. काकू तर खोलीत जाऊन बाजेखाली वाकून आल्या. कोणाला त्याचं वाईट वाटत नव्हतं. पुढच्या आठवड्यात बहीण त्यांच्या बाजेखाली वाकणार होती.

टमाट्यापाशी आबा थांबले. पानांवर पांढरे थेंब वाळत होते.

"हे काय मारलं?"

"ताक, आबा. दादानं मारलं आत्ता."

"पंप कुठला?"

"आमचाच," बहीण म्हणाली. आणि माझ्याकडं बघून हसली, मघासारखी, पदराआडून.

त्यांनी मला विचारलं नव्हतं. हे मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं, शब्दाला शब्द असंच. मला विचारलेलं नाही. आबा पुढं गेले.

जेवण बांधावर झालं. भरीत, बाजरीची भाकरी, कांद्याची पात, ठेचा. काकू आपल्या नवऱ्याची गोष्ट सांगत होत्या. त्यांनी औषध सोडलं तेव्हा तो म्हणाला होता, "तू आळ्या हातानं वेचणार असलीस तर माझं काय म्हणणं नाय." आता तोच वेचतो, आणि वर गावात सांगतो की कल्पना त्याची. सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मी काय विचार करत होतो ते इथं लिहिलं पाहिजे, नाहीतर ह्या सगळ्या लिहिण्याला अर्थ नाही.

पलीकडं दिराची ज्वारी होती. वारा तिकडून इकडं येत होता. मी हिशेब केला, की पानं पिळवटलीच, तर लोक म्हणतील तिकडचं औषध वाऱ्यानं आलं. दिरावर जाईल. दिराचं आणि त्यांचं मधे थोडं फाटलेलंच होतं, मला ठाऊक होतं. पंपाचं कोणाच्या डोक्यात येणार नाही. हा विचार करताना मी ठेचा मागून घेतला. आणि त्याच्याही खाली आणखी एक बारीक विचार होता: पानं पिळवटली तर मी म्हणालो होतो तेच खरं ठरेल. असले नाद करू नका. हा दुसरा विचार खरंच तेव्हा आला होता की नंतर मी तो स्वतःला चिकटवला, हे मला आता सांगता येत नाही. पहिला मात्र आला होता.

जेवणानंतर शपथ. ती त्यांच्यात अशीच होते, रानात, प्रत्येक तुकड्यात वेगळी. ज्याचं रान त्यानं मूठभर माती घ्यायची, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं आणि माती घेतली तिथंच परत टाकायची. मला वाटलं होतं, कुठंतरी सही असेल. तेवढंच असतं तर मी कदाचित गप्प राहिलो असतो.

बहीण टमाट्याच्या ओळीत उकिडवी बसली. डोक्यावर पदर घेतला. माती मुठीत घेतली.

"ह्या मातीची शपथ," ती म्हणाली. आवाज एकदम आमच्या आईसारखा. "वर्षभर ह्या रानात मी विष घातलं नाय, आन कुणाला घालू..."

"थांब," मी म्हणालो.

दाजींना वाटलं, मी गंमत करतोय. "पाहुण्यांना कंठ फुटला!" म्हणाले.

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणी न विचारता, चार माणसांत बोललो, आणि ते इतकं उलटसुलट झालं की काकूंनी दोनदा विचारलं, "म्हणजे ताक मारलं का नाय मारलं?" मारलं. "मग?" पंप यांचा नव्हता. "कुणाचा?" चिंधी होती. "कसली चिंधी?" शेवटी दाजी उठून बांध ओलांडून गेले आणि पंपच घेऊन आले. सगळे त्या चिंधीकडं बघत उभे राहिले. बहिणीची मूठ अजून बंद होती.

दाजींनी भावाला फोन लावला. तो बाजारात होता, मागं कोथिंबिरीच्या जुड्यांचा पुकारा चाललेला. फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"चिंधी? ती मी नाय बांधली, गड्यानं बांधली."

"गवताचं औषध कशानं मारलं होतं?"

"ज्वारीत व्हय? त्या दिवशी माझे दोन्ही पंप नेले होते."

"औषध कशात घातलं, आरं?"

"एकात."

"कोणत्या?"

"आता ते गड्याला ठाऊक. तो गावाला गेलाय. आन धुतलाय की पंप."

"धुतला? तू बघितला?"

"धुतलाच असंल की. न धुता कोण ठेवतं? कामून, झालं काय?"

दाजींनी फोन ठेवला. काकू म्हणाल्या, "मग आठ दिवस थांबू. पानं वाकली तर कळंल, नाय वाकली तर काय झालंच नाय. पोरीची दोन-तीन वर्षं कशाला घालवायची?"

आबांनी काठीनं एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाले, "पानं वाकली तर वाकली. पण ती आज शपथ घेतीय. आज तिला माहीत हाय का? नाय. माहीत नाय त्याची शपथ कशी घ्यायची?"

"ते खरं," काकू म्हणाल्या, आणि लगेच, "पण हे साहेब बोललेच नसते तर?"

मलाही ह्याचं उत्तर हवं होतं.

ठरलं असं, की टमाट्याचा तो तुकडा ह्या वर्षी गटातून बाहेर. त्याची वर्षं पहिल्यापासून मोजायची. बाकी रान मोकळं. बहिणीनं मुठीतली माती हळूच खाली सोडली, फेकली नाही. उठली, हरभऱ्यात गेली, तिथली माती घेतली आणि शपथ पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. मी बांधावर उभा. आवाज स्वच्छ होता. तिला राग आलाय की नाही ते पाठीवरून ओळखता येईना.

गट गेल्यावर ती भांडी घासायला बसली. मी पाणी ओतायला.

"कवा कळलं तुला?"

"पंप ठेवताना."

"म्हणजे जेवायच्या आधी."

"हो."

"आबांनी विचारलं तवा ठाऊक होतं?"

"हो."

"आन मी म्हणले आमचाच."

मी पाणी ओतत राहिलो. ती म्हणाली, "बास, सांडतंय." मग तवा उलटा करून राखेनं घासत म्हणाली, "टमाट्याचं काय नाय दादा, टमाटं येतं परत. माझ्या तोंडातून खोटं गेलं, आन तू ते जाऊ दिलं."

तेव्हा मी तिला वाऱ्याचंही सांगितलं. दिरावर ढकलायचं मनात आलं होतं ते. त्याखालचं बारीक मात्र नाही सांगितलं, ते इथंच पहिल्यांदा सांगतोय. तिनं ऐकलं. तव्याची दुसरी बाजू घासायला घेतली. म्हणाली, "हे कशाला सांगितलं? हे माहीत नसतं तर चाललं असतं."

मला खरोखर कळेना. मगाशी सांगितलं नाही म्हणून चुकलो, आणि आता सांगितलं म्हणून. सांगण्याची एखादी वेळ असते आणि ती माझ्याकडून सतत निसटते, की मुळात मला काय सांगायचं आणि काय नाही हेच उमगत नाही? दाजी येऊन म्हणाले, "पाहुणे, निघा आता उजेड आहे तोवर. नाहीतर अजून काय काय आठवंल तुम्हाला." ह्या वेळी ते आधी हसले नाहीत. मी गाडीकडं चाळिसेक पावलं गेल्यावर मात्र मागून हसल्यासारखं वाटलं. किंवा खोकला असेल.

आठ-दहा दिवसांनी तिचा फोन आला. मी स्टोअरमध्ये होतो.

"पानं चांगली आहेत," ती म्हणाली. "एक पान वाकलं नाय. नवी फुलं लागलीत."

मी खुर्चीवर बसलो. "म्हणजे पंपात काही नव्हतं."

"नसंल."

"मग आबांना सांगितलं का?"

"सांगितलं. ते म्हणले, बरं झालं. पण त्या दिवशी माहीत नव्हतं ते नव्हतंच. तुकडा बाहेरच."

"म्हणजे मी उगीच..."

"ते मला नको विचारू दादा. मी पण दोन रात्री तेच बोलतीय ह्यांच्याशी. हे म्हणतात, बोलला ते बरं झालं. काकू म्हणतात, नसता बोलला तर काय बिघडलं असतं. मला दोन्ही पटतं."

"आणि तुला स्वतःला?"

पलीकडून कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज आला.

"पुढल्या साली गट येईल तवा तुला यावं लागंल," ती म्हणाली. "त्या तुकड्यात तुझा हात लागलाय. आबा म्हणले, ज्याचा हात लागला त्यानंपण माती घ्यायची."

"मी काय म्हणायचं पण?"

"मी म्हणीन तेच. वर्ष आहे अजून, पाठ कर." आणि फोन ठेवला.

ही शिक्षा आहे की आवतण, ते मी तिला परत फोन करून विचारणार होतो. दोनदा नंबर काढला. मग वाटलं, विचारलं तर तीही म्हणेल, मला नको विचारू. त्या रविवारनंतर मी दोनदा जाऊन आलो. चुलीपाशी बसतो, सांगेल ते काम करतो, आणि कोणतीही वस्तू उचलायच्या आधी "हे कोणाचं?" असं विचारतो. दिराला त्याचा राग येतो. म्हणतो, "परक्यासारखं काय विचारता?"